रेडिओवाल्या चाचांचा तिसरा माणूस

रेडिओवाले चाचा ओळख झाल्याबरोबर माणसाला म्हणायचे, "तुमची एखादी चूक दाखवा." नाव-गाव नंतर. सिंदेवाहीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि निम्मी गिऱ्हाइकं या प्रश्नानंच बुजून जायची.

चाचांना माणसासारखा विचार करणारं मशीन बनवायचं होतं. एकाच कामाचं नाही. नवीन काही समोर आलं तर आपलं आपण शिकणारं. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझ्या टायपिंगच्या वर्गात दोन कॉम्प्युटर होते, म्हणजे पहिला भागीदार मीच, असं मी घरी सांगूनही टाकलं.

"कम्प्युटर तुझे, कबूल," चाचा म्हणाले. "पर मले तीन माणसं पायजेत, मास्तर. आपल्या मनाची. तुझी चूक दाखव."

"तशी काही आठवत नाही."

"मंग चहा सांग."

पुढची पाच वर्षं मी चहाच सांगत होतो.

माणसं शोधायला त्यांनी आठवडी बाजारात रिक्षावर भोंगा फिरवला. "विचार करणारं मशीन बनवून राह्यलो, साथीदार पायजेत." एकानं धानगिरणीची जळलेली मोटर आणली. दुसऱ्यानं विचारलं, मशीन जावयाले समजावते का. चाचांनी दोघांनाही पाणी पाजून परत पाठवलं.

मग आरमोरीकडची, धानाचं बियाणं निवडणारी बाई आली. दाणे मुठीत घेऊन ती वाण सांगायची. चाचांनी नेहमीचं विचारलं. बाईनं पदराची गाठ सोडली; आत आठ-दहा दाणे.

"हे ओळखताना चुकली मी. म्हणून संगच ठेवते."

चाचांनी मला उठवून खुर्ची तिला दिली. "ज्याले आपली चूक दिसत नाई, त्याचं मशीन काय शिकन? बाई, तुम्ही पह्यल्या."

दुसरे मुलचेऱ्याचे बंगाली गणिताचे सर. चुकलेल्या गणितांची वही घेऊनच आले होते.

दर शुक्रवारी नमाजनंतर बैठक बसे. बाई दाण्यांची लांबी-रुंदी मोजून द्यायच्या, सर त्यावरून वाण ओळखायची सूत्रं मांडायचे, मी ती कॉम्प्युटरवर टाइप करायचो. मशीन चुकलं की चाचा तो कागद भिंतीला ठोकायचे आणि समाधानानं म्हणायचे, "शिकून राह्यलं." भिंत भरली. एका शुक्रवारी, आम्ही मशीनला कधीच न दाखवलेलं एक वाण त्यानं आपणहून नवीन म्हणून वेगळं काढलं. बाई हसल्या. मी मात्र मान खाली घालून पुढचे आकडे टाइप करत राहिलो. मला तसं कारण होतं.

चाचांची नजर अधू झाली, तेव्हा मुलगा त्यांना नागपूरला न्यायला आला. बसच्या खिडकीतून चाचा म्हणाले, "मशीन तर बनन. इथी नाई तर कुठीतरी. तिसरा माणूस भेटला नाई, एवढंच राह्यलं."

"चाचा, माझी एक चूक आहे," मी म्हणालो. "तुम्ही आत गेलात की मी गिऱ्हाइकांना सांगायचो, हे मशीन काही होणार नाही."

"मालूम हाय मले. तू कधी सांगतं, त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो."

"मग आता?"

"लिहून ठेव, तारीख टाकून. तू तिसरा."

बस गेली. घरी येऊन मी बायकोला ऐटीत सांगितलं, "मी चाचांचा भागीदार झालो."

"पाच वर्षांपूर्वीच नव्हता का झालात?" ती म्हणाली.

चुका लिहायला घेतलेल्या माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर मग दोन चुका आल्या: एक गिऱ्हाइकांना सांगितलेली, एक घरी.