रुचिताचं परातीतलं लग्न

सिहोऱ्यात त्या उन्हाळ्यात एकच गोष्ट या कानातून त्या कानात जात होती. वासुदेवराव पटल्यांच्या रुचितानं भंडाऱ्याला फादर लोकांच्या विद्यापीठात लग्न लावून घेतलं. म्हातारा फादर स्वतः गुडघ्यांवर बसला, पितळेच्या परातीत पोरीचे पाय धुतले आणि कन्यादान करून मोकळा झाला. नवरदेव पवनीचा, आणि जातीतला नाही.

सांगणारी सुशीलाबाई. ती नुसती सांगत नव्हती, फोनवर फोटो दाखवत होती. "मी काहीच म्हणत नाही वं माय, तूच पाह्य," असं म्हणून ती फोन पुढे करायची आणि बाजूला तोंड करून पदर नीट करायची. सकाळी या लग्नात जेवायला बुंदी होती. दुपारपर्यंत तिचे गुलाबजाम झाले. संध्याकाळी तर नवरदेवाच्या मावशीनं काय साडी नेसली होती तेही लोकांना ठाऊक होतं.

पाहणाऱ्यांचाही दोष नाही म्हणा. आपल्याकडे लग्न लागलं की नवरा-नवरीला शेजारी शेजारी बसवतात, पायांखाली परात ठेवतात, आणि आधी मामा, मग आईबाप, मग सारं गणगोत पाय धुतं. फोटोत अगदी तेच होतं. पिवळ्या साडीतली रुचिता, शेजारच्या खुर्चीत पांढऱ्या सदऱ्यातला पोरगा, दोघांचे पाय उघडे, खाली परात, हातात तांब्या घेतलेला पांढऱ्या झग्यातला म्हातारा आणि मागे झेंडूची तोरणं. एवढ्यावर ज्याला लग्न दिसणार नाही, तो माणूस झाडीपट्टीतला नाही असंच समजावं.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला त्याच वर्षी रुचिता जन्मली. वासुदेवराव म्हणायचे, "जिल्हा अर्धा झाला अन् माह्या घरात बोलणं दुप्पट झालं." पोरगी बोलायला तिखट. शाळेत मास्तरांनी विचारलेल्या प्रश्नाला आधी प्रश्न विचारायची, मग उत्तर द्यायची. धानाच्या रोवणीत बायांबरोबर वाकून गाणं म्हणायची आणि गाण्यात ओळी घुसडून काकीची, आत्याची फिरकी घ्यायची. बारावीनंतर तिनं समाजकार्य शिकायचं म्हणून हट्ट धरला. वासुदेवरावांनी हो म्हटलं, पण एक शब्द घेऊन. "ज्या दिवशी मान खाली घालाची पाळी येईन, त्या दिवशी बॅग भरून घरी."

फादर लोकांचं ते विद्यापीठ भंडाऱ्याच्या बाहेर, एसटी जिथे हात दाखवला तर थांबते अशा वळणावर. तिथल्या चालीरीतींची रुचिताला पहिल्या वर्षी फार मौज वाटली. दुपारी घंटा झाली की जो जिथे असेल तिथे थांबायचा, डोळे मिटायचा आणि सकाळपासून आपण काय बरं केलं, काय वाईट केलं ते आठवायचा. मेसमध्ये भाताचा डाव हातातल्या हातात राहायचा. सगळ्यांचे डोळे मिटलेले पाहून रुचिता पहिले काही दिवस रांगेत पुढे सरकायची. मग एकदा अशीच पुढे सरकली तर समोर फादर एक्का. ते तिकडे झारखंडातल्या गुमल्याचे, सत्तरी ओलांडलेले. रागावले नाहीत. हिंदीत एवढंच म्हणाले, "बेटी, आज का हिसाब तो तुम्हारा लंबा होगा."

आणि वर्षातून एकदा पायधुणी. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुवायचे. विद्यार्थी, माळी, चौकीदार, कोणत्याही धर्माचे. चर्चमधली प्रार्थना वेगळी; हे मोठ्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. नावं चिठ्ठ्या टाकून काढायची. ज्याचं नाव निघेल त्याच्या चपला मित्रांनी लपवायच्या आणि त्यानं भर उन्हात अनवाणी वर्गात जायचं, ही पोरांनी जोडलेली शेपटी. फादरांना ती माहीत होती आणि त्यांनी ती कधी कापली नाही.

रुचिताच्या शेवटच्या वर्षी बारा चिठ्ठ्यांत पवनीच्या अश्विनचं नाव निघालं आणि मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या रंभाबाईचंही. रुचिताचं निघालं नव्हतं. ती गाणाऱ्या मुलींत होती आणि गाणाऱ्या मुलींनी पिवळ्या साड्या नेसायच्या असं ठरलं होतं.

गाणं सुरू व्हायच्या आधी अश्विनच्या शेजारची खुर्ची रिकामी दिसली. रुचिता मेसकडे पळाली. रंभाबाई तांदळाच्या पोत्यांमागे बसलेली.

"मावशी, चला ना! सगळे वाट पाहून राहिले."

"मी नाही येत पोरी. मले जमत नाही."

"फादर काय म्हणतील?"

"तेच तर! त्यायले सांग, रंभीले ताप आला. तुले माह्या गळ्याची आण, खरं नको सांगू. त्यायले वाटन, या बाईनं माह्या हाताचा अपमान केला."

रुचितानं जाऊन सांगितलं, ताप आला. फादर एक्कांनी मान हलवली आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची मोकळी ठेवून पुढे जायला त्यांचं मन होईना हे दिसत होतं. रुचिता बसली. फोटो कोणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. काढणाऱ्यानं बारातले दहा मात्र बाहेर ठेवले, एवढं खरं.

शनिवारी सकाळी घरून फोन आला. आई, रुखमिणीबाई, दबक्या आवाजात बोलत होती.

"तुहे बाबा अन् केवळराम मामा जीप घेऊन निघाले. बॅग भरून ठेव म्हणाले. रुचे, खरं सांग, लगीन केलं का?"

"आई, काय बोलतेस! नाही."

"मंग पाय कायले धुतले?"

"इथली रीत आहे."

"कोणाची रीत?"

आणि इथे रुचिता पहिल्यांदाच बोलण्याआधी हिशेब करू लागली. लग्न नाही म्हणावं, तर मग काय होतं ते सांगावं लागणार. येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण, असं सांगितलं, तर लग्नाची सुटका होऊन धर्म बदलल्याची बेडी पडणार. दोन्ही दारांत बाप उभा. परीक्षा पुढच्याच आठवड्यात. ती चुकली की तीन वर्षं पाण्यात आणि त्यानंतरचं सगळं चुलीपुढे. तिसरं दार होतं, रंभाबाईचं. त्याला रंभाबाईनं गळ्याच्या शपथेची कडी घातली होती.

येशूच्या दुखवट्याचे दिवस म्हणून त्या गुरुवारपासून रविवारपर्यंत तिथे घंटा वाजवत नाहीत. घंटेऐवजी लाकडाची खटखट. सगळं आवार दबून बसल्यासारखं. रुचिता वसतिगृहाच्या पायरीवर बसून फाटकाकडे पाहत होती, आणि लाकूड वाजलं की तिला जीपचं दार लागल्यासारखं वाटायचं.

अश्विन येऊन थोडा लांब उभा राहिला. "मी बोलू का त्यांच्याशी?"

"तू दिसला तरी मामा हात उचलेल. तू जा."

"जातो कायले? मी काय केलं?"

गेला नाही. कडुलिंबाखाली उभा राहिला.

जीप आली ती थेट आत. आधी उतरले केवळराम मामा. हे गृहस्थ रागावले की आधी पान थुंकत आणि मग बोलत. आज थुंकायचंही विसरले. त्यांनी फोटोतला पोरगा लगेच ओळखला आणि कडुलिंबाखाली जाऊन त्याची कॉलर धरली.

"तूच का रे तो?"

"फोटोतला मीच जी. पण नवरदेव नाही."

"खोटं बोलतं!"

"काका, आमच्या घरी लग्नात पाय धुतच नाहीत. त्रिशरण, पंचशील होते, हार घालतात, झालं. माह्यं लग्न असतं तर मी बूट घालून बसलो असतो."

मामांनी खाली त्याच्या पायांकडे पाहिलं, तेवढी मूठ सैल झाली. तेवढ्यात वासुदेवराव म्हणाले, "केवळराम, सोड." ते रुचिताकडे पाहत नव्हते. पाहिलं असतं तर रागावता आलं नसतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

फादर एक्कांनी सगळ्यांना भेटीच्या खोलीत बसवलं. केवळराममामा बसल्या बसल्या फुटले. "पाय धुवाचा मान माहा होता! भाचीचे पाय मामा धुते. तिच्या जन्मापासून मी परात पाहून ठेवली. तुम्ही कोण?"

फादरांनी शांतपणे हिंदीत सांगायला सुरुवात केली. लग्न नव्हतं, हे सेवेचं चिन्ह आहे, येशूनं आपल्या शिष्यांचे...

"शिष्य!" वासुदेवराव उठून उभे राहिले. "म्हंजे पोरगी शिष्य केली तुम्ही?"

"नहीं भाई, हम किसी का धरम नहीं..."

"बस झालं. रुचे, बॅग आण."

फादरांनी हात जोडले होते आणि ते जोडलेले हात पाहून मामांना अजूनच राग येत होता. रुचितानं एकदा बापाकडे पाहिलं.

"बाबा, परीक्षा तरी..."

"बॅग."

ती वर गेली. कपडे भरले, पुस्तकं भरली, मग पुस्तकं काढून ठेवली, मग पुन्हा भरली. एक शब्द बोलायचा अवकाश होता. रंभाबाई पळाली, मी तिच्या जागी बसले. पण तो शब्द घेऊन ती जिना उतरली आणि तोंड मिटूनच बापासमोर उभी राहिली. तिखट पोरीचं हे गप्प राहणं बापाला कबुलीसारखं दिसलं. त्यांनी बॅग उचलली.

दारात रंभाबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आलेल्या पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही, ही मेसची शिस्त. तिनं बॅग पाहिली, पोरीचं तोंड पाहिलं, आणि ट्रे दारातच आडवा धरला.

"कुठं नेऊन राहिले जी लेकराले?"

"घरी," वासुदेवराव म्हणाले. "बाजूला व्हा बाई."

"ती खुर्ची माही होती."

"कोणती खुर्ची?"

"फोटोतली. चिठ्ठी माही निघाली होती. मी पोत्याच्या आड लपलो. हिनं मले झाकलं. ताप आला म्हणून सांगितलं. मले कुठचा ताप?" आणि मग फादरांकडे वळून, डोळे खाली घालून, "तुम्ही मोठे. मोठ्या माणसानं माहे पाय धुवाचे म्हंजे पापच ना जी. मले भेव वाटलं. हिले आण घातली होती मी, म्हणून बोलली नाही ते."

फादर एक्का रुचिताकडे पाहत राहिले. रुचितानं मान खाली घातली; ताप तिनंच सांगितला होता.

"बाई, शपथ घ्या," मामा म्हणाले.

"अन्नाची घेतो. इतक्या लेकरांले रोज घालतो मी."

अन्नाच्या शपथेपुढे आपल्याकडे कोर्टही काही विचारत नाही. केवळराममामांनी ट्रेमधला कप उचलला, फुंकर मारली आणि बराच वेळ पीत राहिले. सांडलेला राग गोळा करायला माणसाला काहीतरी हातात लागतं. मग म्हणाले, "भाऊजी, पंगतीत पान वाढलं अन् माणूस उठून गेला, तर पान रिकामं ठेवत नाही आपण. कोणीतरी बसतेच. बसणारा काही त्या घरचा जावई होत नाही." आणि जरा थांबून, "शिष्यही होत नाही."

वासुदेवरावांच्या हातात बॅग तशीच होती. सगळे त्या बॅगेकडे पाहत होते.

"परीक्षा कधी संपते?" त्यांनी विचारलं.

रुचितानं सांगितलं. त्यांनी मोकळ्या हाताच्या बोटांवर दिवस मोजले.

"त्या दिवशी मी येईन न्यायले. मीच येईन."

बॅग त्यांनी वसतिगृहाच्या पायरीपर्यंत नेऊन ठेवली. परतताना कडुलिंबाखाली थांबले, अश्विनला म्हणाले, "कॉलर फाटली का गा?" अश्विन म्हणाला, "नाही जी, बटन गेलं." त्यांनी मान हलवली. जीपमध्ये चढता चढता रुचिताला विचारलं, "गावात काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं कोणी ऐकते का पोरी?"

पण माणसानं गेल्या गेल्या खरंच सांगितलं, आणि तेही सुशीलाबाईच्या ओट्यावर, जोरात. सुशीलाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हळहळली, आणि पुढच्या दारी जाऊन सांगितलं की लग्न मुळात मेसवाल्या बाईचं ठरलं होतं, ती ऐनवेळी पळाली, म्हणून आपल्या रुचिताला बसवलं.

रुचिता पास झाली. आता ती लाखांदूर तालुक्यात बचत गटांच्या बायांत काम करते, एसटीनं फिरते. सुटीला तिला आणायला मीच जाईन असं वासुदेवराव म्हणतात आणि जातातही. स्थळं आली, त्यातली दोन त्या फोटोपायी परत गेली. तिसऱ्यानं फोटो पाहिला आणि विचारलं, पाणी गरम होतं का थंड? त्याच्याशी बोलणं चालू आहे. परात केवळराममामांनी घासून ठेवली आहे.

निकालाच्या दिवशी रुचिता रंभाबाईला भेटायला मेसमध्ये गेली होती, तेव्हा रंभाबाईनं उरलेलं सांगितलं. रुचिताचं लग्न लागलं नव्हतं आणि धर्मही बदलला नव्हता. ती रंभाबाईच्या जागी बसली होती, हे सगळं तर आधीच उघड झालं होतं. पण रंभाबाई पापाच्या भयानं पळाली नव्हती. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, त्या चारचौघांत दिसतील याची तिला लाज वाटली.