थोरल्या पातीची तसबीर, धाकट्या पातीची भिंत

सन एकोणीसशे बावन्न. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. देवासला माझं स्वतःचं घर बांधून झालं होतं, आणि माझे सासरे ते बघायला आले ते हातात फिरकीचा तांब्या घेऊन. आमच्याकडे अजून पाळणा हलला नव्हता, म्हणून लेकीच्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं. रीत आहे, मीही मानतो. पण रीत पाळणारा माणूस तांब्या उपरण्याआड ठेवतो. यांनी तो बैठकीच्या मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवला आणि शेजारी बसले. माझ्याकडे पाठ, रिकाम्या भिंतीकडे तोंड.

मग हळूच म्हणाले, "जावईबापू, एवढी मोठी भिंत, आणि पांढऱ्या कपाळाची ठेवलीत?"

पांढरं कपाळ कुणाचं असतं ते सांगायला नको. माझी बायको इंदू दारातच उभी होती. तिचा हात आपोआप कुंकवाकडे गेला. नव्या घरात, लेकीच्या समोर, जावई जिवंत बसलेला असताना हा शब्द तोंडातून काढणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून आमचं वैर. ते वारले त्याला आता जमाना झाला, पण मला ते आवडत नव्हते ते नव्हते. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं असं मला कुणी शिकवलेलं नाही. तसं मला फारसं कुणी काही शिकवलंच नाही. मराठी दुसरीतून उठलो तो फरासखान्यात गेलो.

बाहेरच्या माणसाला देवास एक गाव वाटतं. आमच्या लहानपणी ते दोन राज्यांचं मिळून एक गाव होतं. मधल्या रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. महाराज दोन, वाडे दोन, दसरे दोन. आम्ही धाकट्या पातीचे फरास, म्हणजे तंबू, कनाती, बिछायती सांभाळणारे. सासरे थोरल्या पातीचे हुजरे. महाराजांच्या मागे उभं राहायचं, पाणी द्यायचं, जोडे पुढे करायचे. मुली रस्ता ओलांडून इकडच्या तिकडे दिल्या जात, अभिमान तेवढा आपापल्या अंगाला राही.

मग राज्यं गेली. मी फरासखान्यातले जुने तंबू घेतले आणि लग्नाकार्याला मांडव द्यायचा धंदा सुरू केला, तो चालला. सासऱ्यांनी काहीच सुरू केलं नाही. ते हुजरेच राहिले, फक्त हुजूर राहिले नाहीत.

माणूस काडीसारखा, पण ताठ. पागोटं सकाळी बांधलं की झोपेपर्यंत उतरायचं नाही. आवाज कधी चढवला नाही. हुजऱ्याला मोठ्यानं बोलायची सवय नसते, त्यामुळे अपमानसुद्धा ते कानात निरोप सांगितल्यासारखा करत. तुम्हाला राग यायला थोडा वेळ लागे आणि तोवर ते निघून गेलेले असत. "आमच्या पातीत हे चाललं नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीत मीठ जास्त झालं, रस्त्यात गाढव आडवं आलं, सरकारने नवा कायदा केला, सगळ्यावर हे एकच.

रोज सकाळी यायचे आणि त्या भिंतीसमोर बसायचे. घर बांधताना मीच हट्टानं बैठक लांबरुंद केली होती. लांब सतरंजी दुमडावी लागू नये एवढाच माझा हिशेब होता. भिंत किती मोठी झाली हे चुना लागल्यावर कळलं. कपाळ म्हणाले ना, मग आता कुंकू लावून दाखवतो, असं मी मनात धरलं. इंदूरहून देवीचं मोठं चित्र आणलं, काच-चौकटीसकट.

सासऱ्यांनी ते पाहिलं. "रात्री इथे पाहुणे झोपणार?"

"झोपणार."

"पाय देवीकडे करून?"

"डोकं करतील देवीकडे."

"म्हणजे पाय दाराकडे. मढ्यासारखे."

इंदूनं चित्र उचललं आणि देवघरात नेऊन ठेवलं. तिनं बापाचं ऐकलं याचाच मला जास्त राग आला.

मग मी दुकानांच्या पाट्या रंगवणारा नंदू पेंटर बोलावला. त्याला म्हणालो, भिंतीवर आपली टेकडी काढ, सबंध. देवीही आली आणि देवीकडे पायही नाहीत. टेकडीवर आमच्या दोन माता, मोठी आणि धाकटी. ज्या अंगानं बघाल त्या अंगाची माता पुढे येते आणि दुसरी डोंगराआड जाते. नंदूनं माझ्या गच्चीवर उभं राहून टेकडी डोळ्यांत भरून घेतली आणि कामाला लागला. डोंगर झाला, पायऱ्या अर्ध्या झाल्या, आणि सासरे आले.

"ही पाठमोरी आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मामा, डोंगराला पाठ नसते."

"धाकट्या पातीतून बघितलं की पाठच दिसते."

नंदू शिडीवरून म्हणाला, "बाबासाब, टेकरी तो टेकरी है. किधर से भी देखो."

"तू गप रे भिया. तू किधर से भी देखणारा माणूस." नंदूचा ब्रश थांबला. सासरे तेवढ्याच शांतपणे पुढे म्हणाले, "मोठी माता दाखवायची नसेल तर दाखवू नका. पण मग टेकडी म्हणू नका. मातीचा ढीग म्हणा."

नंदू दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. थोरल्या पातीच्या अंगाला त्याची निम्मी गिऱ्हाइकं होती, त्याला हे लचांड नको होतं. अर्धी टेकडी घेऊन बसण्यापेक्षा मी तिच्यावर चुना फिरवला. भिंत पुन्हा होती तशी.

"मग तुम्हीच सांगा काय लावायचं," मी एकदा चिडून म्हणालो.

"मी काय सांगणार? मी या पातीतला नाही." मग भिंतीकडेच बघत म्हणाले, "माझ्याकडे महाराजांची तसबीर आहे. वाड्यातून मिळालेली, दरबारी पोशाखातली. मापाची भिंत गावात ही एकच दिसते."

मी सरळ सांगितलं, "मामा, मी धाकट्या पातीचं मीठ खाल्लंय. या घरात थोरल्या पातीचे महाराज लागायचे नाहीत."

"लावा असं म्हणालं कोण," ते म्हणाले आणि उठले.

असा माणूस. मागायचं नाही, आणि नाही म्हटलं की आपण मागितलंच नव्हतं असं दाखवायचं. दोन शब्द नीट बोलले असते तर मी विचार केला असता. दिली नसती भिंत, पण विचार केला असता.

तुळशीचं लग्न झालं आणि माझा हंगाम सुरू झाला. सतवासला एका मोठ्या घरचं लग्न होतं. मांडव घालून, कार्य उरकून, सामान बैलगाड्यांवर घालून मी घरी आलो. बैठकीत पाय ठेवला आणि जागच्या जागी उभा राहिलो. समोर भिंतीवर थोरल्या पातीचे महाराज, शिरपेच, तलवार, मोत्यांच्या माळा. चौकट माझ्या छातीएवढी उंच. सासऱ्यांनी हत्तींच्या पिलखान्यातले दोन जुने गडी आणून माझ्या नव्या भिंतीत हे एवढाले खिळे ठोकले होते.

मी इंदूला विचारलं, "तू होतीस ना घरात?"

"होते."

"मग?"

"भिंत तुमची आहे," ती म्हणाली. "बाप माझा आहे."

मी हातपायसुद्धा धुतले नाहीत. शिडी लावली, तसबीर उतरवली आणि म्हणालो, जशी आली तशी जाईल, आत्ताच्या आत्ता, भर बाजारातून. सगळ्या गावाला दिसू दे. हातगाडीवर घातली असती तर दगडांवरून काच तडकली असती. वैर सासऱ्यांशी होतं, काचेशी नव्हतं. डोक्यावर आडवी घेतली तर एवढी मोठी काच मध्ये लवते. फरासाला हे माहीत असतं. म्हणून चुंबळ केली, तसबीर डोक्यावर उभी धरली, दोन्ही हातांनी कडा घट्ट धरल्या आणि निघालो. चित्राचं तोंड पुढे होतं. इथेच घोटाळा झाला.

आमच्या अंगाला लोक नुसते बघत राहिले. मधला रस्ता ओलांडला आणि पहिल्याच ओट्यावरचा म्हातारा उठून उभा राहिला. वाकून मुजरा केला. त्याचं बघून शेजारचा उठला. मला मान वळवता येईना, बोलायला तोंड उघडावं तर तोल जाईल. पानवाला कुणालातरी विचारत होता, "क्यों भिया, आज कई है?" दुसरा म्हणाला, "महाराज की सवारी है, दिखता नी है?" फुलं विकणाऱ्या बाईनं पुढे येऊन चौकटीच्या खालच्या कडेला हार अडकवला. तो माझ्या नाकावर लोंबायला लागला.

मी पाय उचलले. लवकर पोचावं आणि सुटावं. तेवढ्यात थोरल्या पातीचा एक जुना चोपदार घरातून काठी घेऊन धावत आला, माझ्या पुढे झाला आणि खड्या आवाजात त्यानं सुरू केलं, "आस्ते कदम. निगा रखो." त्याच्या पुढे जाता येईना. तो थांबला की मी थांबायचं, तो चालला की मी चालायचं. मागे माणसं गोळा झाली. मी ज्या रागानं निघालो होतो तो राग मला पावलापावलानं, वाजतगाजत मिरवावा लागला.

ललकारी ऐकून सासरे बाहेर आले होते. मी त्यांचं नवं बिऱ्हाड तोवर पाहिलं नव्हतं. वाड्यातली खोली सरकारात गेल्यावर ते गाडीखान्याच्या मागे एका कौलारू खोलीत राहायला आले होते. अंगणात उभे राहून त्यांनी मुजरा केला, तीनदा, जमिनीला हात लावून. मुजरा होईपर्यंत तसबीर खाली ठेवता येत नाही. मुजरा मला नव्हता हे मला कळत होतं, पण मान माझी होती.

माणसं पांगली. दार इतकं बुटकं की तसबीर तिरपी करून आत घ्यावी लागली. आतलं छप्पर वाकलेलं. भिंत अशी नव्हतीच, कौलं उतरत उतरत कमरेपर्यंत आली होती. खोलीत एक खाट. खाटेवर मखमलीचा तुकडा पसरलेला, त्याला चौकटीच्या मापाचा दाब पडलेला. आणि खाली, खाटेच्या पायथ्याशी, जमिनीवर त्यांचं अंथरूण.

"खाटेवर ठेवा," ते म्हणाले. "पायाशी मी आहे."

मी ठेवली. थंडी पडायला लागली होती आणि जमीन ओली होती. मी चुंबळ सोडून झटकायला लागलो. नाहीतर मऊ काहीतरी तोंडातून गेलं असतं.

तेच बोलले. "चाल बरी होती तुमची, जावईबापू. पण महाराज कधी पायी आले नव्हते."

"माझ्या भिंतीवर नाही, मामा," मी म्हणालो. "ते एकदा सांगून ठेवतो."

"तुमची भिंत मागितली कुणी?"

"खिळे मग कशाला ठोकलेत?"

"दोन दिवस उभे राहावेत म्हणून," ते म्हणाले. "किती महिने आडवे आहेत." आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी उपरण्याच्या टोकानं काचेवरची माझ्या बोटांची ओल पुसायला घेतली.

घरी आलो. इंदूनं एवढंच विचारलं, "कुठे ठेवलीत?"

"खाटेवर."

तिनं मान खाली घातली. म्हणजे तिला ते सगळं ठाऊक होतं. मला सांगितलं नव्हतं, कारण बापानं तसं बजावलं होतं. भिंतीतले खिळे मी त्याच वेळी उपटले. पुढे बरेच जण विचारत, एवढ्या भिंतीवर काय लावणार. मी काही लावलं नाही. पोरं झाली, त्यांनी कॅलेंडरं टांगली, ती वेगळी गोष्ट. सासरे होते तोवर ती भिंत मी चुन्याचीच ठेवली आणि ते तिच्यासमोर बसून मला टोमणे मारत राहिले. आमचं कधी पटलं नाही. मरायच्या आदल्या महिन्यातसुद्धा मी आणलेल्या वैद्याबद्दल ते म्हणाले, "आमच्या पातीत हा चालला नसता."

पण तसबीर पोचवून आलो त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, हे खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वखार उघडली, हंगामात भाड्यानं जाणारी एक चांगली उंच रावटी काढली, खांब, दोर, मेखा आणि त्या ठोकायची मोगरी हातगाडीवर टाकली आणि मधला रस्ता ओलांडून त्यांच्या अंगणात गेलो. न विचारता जागा बघितली आणि पहिली मेख ठोकली.

आवाजानं ते बाहेर आले. पागोटं बांधलेलंच होतं.

"काय चाललंय?"

"महाराजांचा मुक्काम पडतोय," मी म्हणालो. "उभे राहतील. बाजूला व्हा."

ते बाजूला झाले नाहीत. बराच वेळ खांबाच्या उंचीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दार पूर्वेला घ्या."

"दार कुठे घ्यायचं ते फरासाला कळतं," मी म्हणालो आणि दुसरी मेख ठोकली.