कुसुमची हजेरीची वही

त्या दुपारी मी आणि कुसुम हेन्डरसन उपनगरातल्या आमच्या घरामागं चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्याकडं, दोन माझ्याकडं. "अहो, टोकाला टोक लावा, गुंडाळी काय करताय!" म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला आणि तिनं तिची टोकं सोडली. चादर गवतात. फोन प्रेमचा, म्हणजे तिच्या वर्गातल्या फिजीच्या माणसाचा. मी म्हणालो, "जा, बोल त्याच्याशी. घडी घालतो मी एकटा." ती हसली... संध्याकाळी चहा टाकताना खाली बसली, ती बसलीच. तिला जाऊन सहा आठवडे झाले.

खरं सांगतो, मी त्या माणसावर जळत होतो. मी सातवी नापास, जन्मभर वेल्डिंग केलं. कुसुम मॅट्रिक. मुलीनं आम्हाला इथं परदेशात आणलं, कायमचं राहायचे कागद झाले, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हिला शिकायचं सुचलं. म्हाताऱ्यांची देखभाल करायचा कोर्स, फीसाठी सरकारी स्टुडंट लोन. मी म्हणालो, "एक म्हातारा घरात आहे की!" तर म्हणते, "त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही."

पुढं एका सकाळी ती भरलेला डबा घेऊन परत आली. शाळेच्या दाराला कुलूप, वर कागद चिकटवलेला. शाळा बंद. कोर्स अर्धा, लोन मात्र पुरं. मग लोन माफीच्या अर्जासाठी कुसुम धरून वर्गातले नऊ जण आमच्या स्वयंपाकघरात जमायला लागले. प्रेम नेमका माझ्या खुर्चीत. पोहे खाऊन "दीदी, एक नंबर!" म्हणायचा. त्याच्या विनोदांना ती जशी हसायची, तशी माझ्या बोलण्याला चाळीस वर्षांत... जाऊ दे.

ती गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, माणूस गेलं की इथं लोन माफच होतं." म्हटलं, सुटलो त्या टोळीतनं. पण मागच्या मंगळवारी प्रेम दारात. "भाईसाब, दीदी रोज कॉपी में लिखती थी, क्लास हुई कि नहीं, कौन आया. स्कूल का रेकॉर्ड मिल नहीं रहा. हम आठ लोगों का लोन उसी पे अटका है."

वही कपाटात होती. मी म्हणालो, "नहीं है," आणि दार लावलं.

मग वही घेऊन बसलो. प्रत्येक पानावर वर श्री, खाली तारीख. 'बाई आल्या नाहीत. शिकवणं झालं नाही. प्रेम आले.' पानोपानी प्रेम! माझा पत्ता कुठं नाही. असा संताप आला की वाटलं, धरावी गॅसवर. तशात शेवटचं पान निघालं, शाळा बंद झाली त्या दिवसाचं. 'कुलूप. प्रेम पायरीवर बसून रडले. बायको आजारी, लोन कसं फेडू म्हणाले. घरी यांना सांगायचं नाही, हे उगाच चिडतील.'

अख्ख्या वहीत मी एवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस धरून प्रेमच्या घरी गेलो. त्यानं खुर्ची पुढं केली. कुसुमचं मराठी अक्षर त्याला लागेना. मग मी एकेक ओळ मोठ्यानं वाचायचो, मोडक्या हिंदीत सांगायचो, आणि तो इंग्रजीत उतरवून घ्यायचा. "आगे?" म्हणायचा. मी वाचायचो, "प्रेम आले." परत "आगे?" परत "प्रेम आले." दुपार होत आली तेव्हा शेवटचं पान लागलं. चष्मा पुसला, आणि तेही वाचलं... माझ्या ओळीसकट.