शालिकरामची जीभ

अकोटच्या वाटेवरचा तो नाला खुशालराव पाटलाचा, आणि नाल्याकाठची शिंदीची बारा झाडंही कागदोपत्री पाटलाचीच. पण गावात कोणालाही विचारा, झाडं कोणाची? उत्तर एकच, शालिकराम कलालाची. आधी त्याच्या बापानं ती रसासाठी छेदली, मग त्यानं. दर हिवाळ्यात खोडाला एक नवी खाच पडायची, एका वर्षी उगवतीच्या अंगाला, पुढच्या वर्षी मावळतीच्या. त्या खाचा खालून मोजत गेलं की एकोणिसाव्या खाचेला बापाचा हात संपायचा आणि शालिकरामचा सुरू व्हायचा.

माणूस तसा तुसडाच. गिऱ्हाइकाशी दोन शब्द गोड बोलायचे म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पण त्याच जिभेला चव मात्र अशी, की पहाटे उतरवलेल्या मडक्यातला घोट तोंडात घेऊन डोळे मिटायचा आणि सांगायचा, हे तिसऱ्या झाडाचं, पिकल्या बोराच्या वासाचं. हे सातव्याचं, जरा तुरट. नुसता गोड रस तो कोणाला देत नसे. सूर्य कासराभर वर आला, मडक्यात बारीक फेस धरला आणि रस जिभेला हलके चिमटे काढू लागला, की ती खरी वेळ. ती टळून शिंदी आंबली, तर सगळं मडकं नाल्यात उपडं.

कापसाच्या गाड्या अडवून शिंदी विकायची ती त्याची बायको सुभद्रा. ती कपाळावर हात मारून घ्यायची.

"अवो, गाडीवाल्यायले काय समजते त्यातलं?"

"मले समजते ना," एवढंच तो म्हणायचा.

त्या सालांत सातासमुद्रापार कुठेशी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोकांनी बांध फोडले, गुरांच्या वाटा नांगरल्या, दिसेल तिथे सरकी टोचली. खुशालरावही हुरळला. दिवाणखान्यात झुंबर आलं, आणि मागल्या वैशाखात अकोल्याहून बैलगाडीत घालून विलायती बीरच्या बाटल्यांची दोन खोकी आली. ती बसली कौलाखालच्या माळ्यावर. रोज संध्याकाळी पाटील त्यातला एक पेला प्यायचा, तोंड वाकडं करून, आणि वर म्हणायचा, "वा!"

आता त्याला नाला बुजवून तिथेही कापूस पेरायचा होता. संक्रांत झाली की झाडं तोडणार, असं त्यानं सांगून टाकलं. शालिकराम हात जोडून उभा राहिला, तेव्हा पाटील हसला.

"मुंबईचा दलाल येऊन राहिला जेवाले. तू ये. धा गावात तुया जिभेले मान हाय. चारचौघात आमची बीर चाख अन् सांग, अशी चीज नाई पायली म्हणून. मंग पाहू झाडायचं."

एवढंच तर सांगायचं होतं. सुभद्रानं धुतलेलं धोतर काढून दिलं आणि उंबऱ्यापर्यंत येऊन बजावलं, "चांगली हाय म्हणजा. फक्त एवढंच म्हणजा."

भर दुपारी मांडवात पंगत उठली आणि पेले भरले गेले. दलाल आपला पेला मघापासून हळूहळू लोडामागे सरकवत होता. शालिकरामनं घोट घेतला, डोळे मिटले. फेस नाही, चिमटा नाही. ओल्या गोणपाटाचा वास आणि खाली आंबूस पाणी. त्याला ती बारा झाडं दिसली, बापाच्या खाचा दिसल्या आणि खरंच रडू आलं. चांगली आहे, एवढेच दोन शब्द. पण ते तोंडातून निघेनात.

"पाटील, हे मेली हाय," तो म्हणाला. "उन्हाळाभर कौलाखाली शिजली."

 पाटलाचा चेहरा लालबुंद.

"गावठी जीभ तुई! तुले काय समजते विलायतीतलं?"

"एखादी गार जागी राह्यली असन तं आणा जी. मंग बोला."

खोक्यात न मावलेली एक बाटली पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत खोचलेली होती. ती आली. बूच उडालं आणि पांढरा फेस पेल्याबाहेर आला. शालिकरामनं घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. त्याच्या तुसड्या तोंडावर हसू पसरलं.

"कडू हाय. पण त्या कडूच्या मांगून भाकरीच्या खरपुडीचा खमंगपणा येते. ज्यानं केली ना पाटील, त्यानं घाई नाई केली." झाडांचा त्याला त्या घटकेला साफ विसर पडला होता. इतक्या लांब कोणीतरी आपल्यासारखाच वेळ पाहून थांबणारा माणूस आहे, याचाच त्याला आनंद झाला होता.

उरलेला पेला त्यानं पाटलापुढे धरला. पाटलानं तो घोटाघोटानं संपवला आणि उठून आत गेला. शालिकराम घरी आला. सुभद्रानं त्याचं तोंड पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो दोर घेऊन नाल्यावर गेला, तर तिसऱ्या झाडाखाली खुशालराव बसलेला. एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला रिकामा लोटा. शालिकराम कुऱ्हाडीकडे पाहत थबकला.

"नऊ महिने पेलो मी ते," पाटील खाली पाहत म्हणाला. "रोज. थुकून द्यावं वाटे. पण मले वाटलं, आपलीच जीभ खेड्याची. सायबाची चव आपल्याले कायची येते! कोनी सांगतलंच नाई रे, की ते मेली हाय म्हणून." त्यानं कुऱ्हाड पायानं दूर सरकवली आणि लोटा पुढे केला. "चढ. आधी तू चाख. मंग मले दे."

शालिकराम वर चढला, मडकं उतरवलं. पाटलानं हात पुढे केला.

"थांबा जी. दिवस कासराभर वर येऊ द्या."

वऱ्हाडातल्या बड्या पाटलाला कलालानं थांबवलं, आणि पाटील मुकाट्यानं थांबला. ऊन नाल्यात उतरलं. मडक्यात फेस धरला. शालिकरामनं चाखून मान हलवली, लोटा भरून दिला आणि पाटलाच्या तोंडाकडे पाहत राहिला.

ते वाकडं झालं नाही.