वीतभर उंचीवर

उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून आमच्या क्रेनवरचे मामा हवेत वीत दाखवीत आणि म्हणत, "आधी वीतभर. मंग बोलू."

क्रेन एखादी वस्तू उचलताना तुम्ही कधी रस्त्याकडेला थांबून पाहिले असेल, तर तुमची नजर वर गेली असेल. लांब सोंडेकडे, हुकाकडे, हवेत झुलणाऱ्या ओझ्याकडे. मामांची नजर खाली असे. ओझे आणि जमीन यांच्यात वीतभर फट पडली की ते थांबत आणि इंजिन बंद करीत. ओझे स्वतःभोवती सावकाश फिरे, मग फिरायचे थांबे. त्या शांततेत मामा मान कलती करून बसून राहत. पलीकडून कोणीतरी बोलत आहे आणि मध्येच तोंड घालणे बरे दिसत नाही, असा तेव्हा त्यांचा चेहरा असे.

सासऱ्यांनी शहापुरात सुरू केलेला क्रेनचा व्यवसाय गेली काही वर्षे मी पाहते. व्यवसाय म्हणजे एकच पिवळी हायड्रा क्रेन, घराला लागून असलेले पत्र्याचे आवार, आणि मामा. ते मुरबाडकडच्या एका खेड्यातले शेतकरी. भाताच्या आवणीचे आणि कापणीचे दिवस सोडले तर बाकीचे वर्ष ते आमच्या क्रेनवर असत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला यंत्रातले काही कळत नव्हते. कळत होते ते वास. तापलेल्या तेलाचा गोडसर, घशात बसणारा वास. पावसाळ्यात गंजाचा वास, जिभेवर लोखंड ठेवल्यासारखा. मामांनी मला पहिला धडा दिला तो मात्र हाताने शिकायचा होता. एके सकाळी ते दारात येऊन म्हणाले, "ताई, जुनं लुगडं असंल तर द्या. मऊ झालेलं."

ते लुगड्याचा तुकडा पोलादी दोरावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू ओढीत नेत. दोरातली एखादी बारीक तार तुटली असेल तर डोळ्यांना दिसत नाही, पण मऊ सूत तिथे अडकते. जिथे अडके तिथे मामा खडूने खूण करीत. दोराची लांबी संपेपर्यंत लुगड्याच्या चिंध्या झालेल्या असत. सासूबाई म्हणत, की या यंत्राने माझी निम्मी लुगडी नेसली. मामा त्यावर हसत नसत. पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभे राहत.

वजन दाखवणारा काटा आमच्या क्रेनवर होता, पण त्याची काच काळी पडून आकडे कधीच मावळले होते. कल्याणचा मिस्त्री सुटा भाग येतोय, येतोय म्हणून सांगे आणि मीही त्याच्या फारशी मागे लागले नाही. मामा असताना काट्याची गरज कोणाला भासतच नव्हती.

मुरबाड रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात सिमेंटचा हत्ती हलवायचा होता. तिथल्या व्यवस्थापकाचे म्हणणे असे, की हत्ती आतून पोकळ आहे, उगाच क्रेन बोलावली, चार माणसांनी ढकलला असता. मामांनी हत्ती वीतभर उचलला, इंजिन बंद केले, ऐकले, आणि परत खाली ठेवला.

"पोकळ हाय," ते म्हणाले, "पन रिकामा नाय."

हत्तीच्या पायाशी भोक पाडले, तर दुपार कलेपर्यंत पाणी वाहत होते. किती पावसाळ्यांचे होते कोण जाणे. थंडगार, काळपट, शेवाळाचा उग्र वास येणारे. शेवटी एक बेडूक बाहेर आला, उन्हात थोडा वेळ बसला आणि निघून गेला. व्यवस्थापकाने मामांना विचारले की आत आणखी कोणी आहे का. तो थट्टेने विचारत होता. मामांनी पुन्हा वीतभर उचलून पाहिले आणि मगच नाही म्हणून सांगितले.

आणखी एक प्रसंग सांगते, म्हणजे मला त्यांची भीती का वाटू लागली ते तुमच्या लक्षात येईल. चैत्रात एक म्हैस विहिरीत पडली. तिच्या पोटाखालून रुंद पट्टे घेऊन तिला पाण्याच्या वीतभर वर आणली आणि मामा थांबले. म्हैस ओरडायची थांबली होती. तिच्या चारी पायांवरून पाणी निथळत होते आणि त्या थेंबांचा आवाज विहिरीतून मोठा होऊन वर येत होता.

"दोगं हायती," मामा म्हणाले. "सावकाश घ्यायला लागंल."

म्हशीचा मालक विहिरीच्या काठावरून हसला. "मामा, ती भाकड हाय. पोटात पानी ग्येलंय तिच्या, दुसरा कोन येतोय?"

मामांनी सावकाशच घेतले. काही महिन्यांनी तोच मालक किटलीत चीक घेऊन आमच्या आवारात आला. घरी खरवस झाला. मामांनी तो खाल्ला नाही. "तुमी खावा ताई," म्हणाले, "मला म्हाईत व्हतं, मला त्याचं काय नवल?"

हे कसे कळते, असे मी त्यांना एकदाच विचारले. ते पंपाची गळती पुसत होते. पुसता पुसताच म्हणाले, "रिकामी वस्तू नुसती लोंबते. जिवाचं वजन लोंबत नाय ताई. ते धरून बसतं." त्यानंतर मी विचारले नाही.

आता त्या दिवसाकडे येते. भाद्रपद होता. वैशाखरे गावाच्या पुढे, घाटाच्या वळणावर एक रिकामा टेम्पो रस्ता सोडून खाली गेला होता आणि उतारावरच्या दोन झाडांना अडून राहिला होता. चालक जखमी होता; त्याला जीपने मुरबाडला नेले होते, आणि आपण एकटेच होतो असे तो सांगून गेला होता. आमची हायड्रा पहाटेच निघाली. मी मागून जीपने गेले, कारण जाताना मामांनी तेलाची एक रबरी नळी मला बोट लावून दाखवली होती. नळीला फुगा आला होता. तो त्यांनी आठवड्यापूर्वीही दाखवला होता आणि मी म्हटले होते, की हातातले काम होऊ द्या, मग बदलू.

धुके इतके दाट होते की सोंडेचे टोक दिसत नव्हते. आवाजांनाही ओल आली होती. माणूस शेजारी बोलत असूनही दूरच्या खोलीतून बोलल्यासारखा वाटे. वैशाखऱ्याचे दोघे जण उतरून टेम्पोला पोलादी दोर बांधून वर आले. आत कोणी नाही, केबिनमध्ये नाही, मागे हौद्यातही नुसते प्लास्टिकचे क्रेट, असे त्यांनी रस्त्यावर थांबलेल्या हवालदाराला सांगितले.

मामांनी उचलले. वीतभर. इंजिन बंद केले.

धुक्यात दोर ताणून खाली गेलेला दिसत होता, त्याच्या शेवटाला काय आहे ते दिसत नव्हते. मामांनी मान कलती केली. बराच वेळ गेला. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, गाडीत मानूस हाय."

ते दोघे पुन्हा खाली गेले. ताडपत्री उचलली, क्रेट हलवले, चाकांखाली पाहिले, हाका मारल्या. कोणी नाही. हवालदार मामांना म्हणाला, की गाडी मोकळी आहे, आता उचला, नाहीतर गाड्यांची रांग टोकावडे गावापर्यंत जाईल, आणि तिथल्या लोकांना काय सांगू, मामांना वजनाचा संशय आलाय म्हणून? लोक हसले. मामा हसले नाहीत.

"मोकळी गाडी मी उचललीय साहेब. ती अशी नसते. मानूस हाय. बगा अजून."

नळीवरचा फुगा मुठीएवढा झाला होता. त्यावर तेलाचे बारीक मणी उमटत होते, एकेक मणी मोठा होऊन खाली पडत होता. नळी फुटली तर टेम्पो सुटून थेट दरीत जाणार. परत खालीही ठेवता येईना, कारण उचलताना तो झाडांच्या आधारावरून सरकला होता. आत कोणी असेल तर त्याच्यासकट जाणार. नसेल, तर आम्ही नुसतेच थांबलो होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते. क्रेन माझी होती आणि न बदललेली नळीही माझीच होती.

मी म्हटले, "मामा, वर घ्या."

"तुमी म्हनता म्हनून घेतो," ते म्हणाले आणि इंजिन सुरू केले.

इंजिनाचा आवाज जड होता, दमेकऱ्याच्या श्वासासारखा. टेम्पो रस्त्याच्या पातळीला आला, धुक्यातून त्याची मागची फळी दिसू लागली, आणि त्याच क्षणी तो आवाज एकाएकी मोकळा झाला. दोरात काही हलले नाही. टेम्पोतून काही पडले नाही. आम्ही सगळे डोळे लावून पाहत होतो. पण आवाज हलका झाला हे मी माझ्या कानांनी ऐकले, आणि आजही कोणी विचारले तर तसेच सांगेन.

मामा म्हणाले, "उतरलं."

टेम्पो रस्त्यावर टेकला आणि नळी फुटली. काळे तेल सगळीकडे उडाले. मामा दरीच्या कडेला जाऊन उभे राहिले. खाली जाऊन येतो म्हणाले. उतार निसरडा होता, धुके आणखी दाटले होते, हवालदाराला रस्ता मोकळा हवा होता. मी त्यांना मागे बोलावले. मुरबाडहून नळी आणून बसवण्यात दिवस गेला. मामा हायड्रा घेऊन शहापुरात पोहोचले तेव्हा मुरबाडची शेवटची गाडी गेली होती, म्हणून ते आमच्याच ओसरीवर झोपले. जेवले नाहीत. पहाटे पाण्याचा पंप सुरू करायला मी उठले, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून, चादर कानांवरून घेऊन पडलेले होते. पहिल्या एसटीने ते गेले.

दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, मानूस गावलं. जितं हाय."

ती डोंगरावरच्या पाड्यातली एक म्हातारी होती. तिकडे रिकामा टेम्पो चहाला थांबलेला दिसला की मागच्या मागे चढून बसायचे आणि आपले ठिकाण आले की पत्र्यावर थाप मारायची, अशी लोकांची नेहमीची रीत आहे. चालकाला पुष्कळदा ठाऊकही नसते. टेम्पो खाली जाताना ती बाहेर फेकली गेली होती आणि टेम्पोपासून बऱ्याच अंतरावर, कारवीच्या दाट रानात पाय मोडून पडली होती. मामा एकटे उतरले आणि सरळ तिच्यापाशी गेले. तुम्हाला जागा कशी कळली, असे गावकऱ्यांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, की काल उतरलं ते कुठल्या अंगाला गेलं, तेवढं मी बघून ठेवलं व्हतं.

त्यानंतर मामा आमच्याकडे दोन वर्षे होते. नळ्या मी वेळेवर बदलू लागले. माझ्या त्या 'वर घ्या'चा त्यांनी पुन्हा कधी उल्लेख केला नाही. मी एकदा विषय काढला, माझ्यामुळे ती म्हातारी रात्रभर दरीत एकटी पडून राहिली असे म्हटले, तर ते म्हणाले, "नळी फुगली व्हती ताई. मी मालक असतो तरी तेच केलं असतं." हे खरे नव्हते. ते आम्हा दोघांनाही माहीत होते.

मार्गशीर्षात, स्वतःच्या खळ्यावर भाताचे भारे रचून झाल्यावर, मामा एका भाऱ्याला टेकून बसले आणि उठले नाहीत. मी त्यांच्या गावी गेले तेव्हा खळ्यावर पेंढ्याचा कोरडा, उन्हाचा वास होता आणि ते बसले होते ती जागा कोणी झाडली नव्हती.

गेल्या वैशाखात एक म्हातारी काठी टेकत आमच्या आवारात आली. पळसाच्या पानांत बांधलेली करवंदे तिने माझ्यापुढे ठेवली आणि क्रेनवाले मामा कुठे आहेत म्हणून विचारले. लंगडत्या पायावरून ती कोण ते मी ओळखले. मामा गेल्याचे सांगितले. ती पदर तोंडाला लावून खाली बसली. मग, इतके दिवस जे कोणालाच धड सांगता आले नव्हते ते मी तिला सांगितले. की गाडी वर घ्या म्हणणारी मी होते, मामांना मागे बोलावणारीही मीच, आणि माझ्यामुळे तुम्ही रात्रभर तिथे एकट्या पडून राहिलात.

तिने माझ्याकडे पाहिले. तिला माझे बोलणे कळले नव्हते.

"एकली कवा व्हते गो? त्यो मामा व्हता ना. अंधार पडला तवापासून बाजूला बसला व्हता. बोलला काय नाय, हात धरून व्हता. फटफटलं तवा म्हनला, मानसं घिऊन येतो. मंग ग्येला."

मी उठले. तिला तांब्याभर पाणी दिले. उन्हाचे इथे कशाला बसता, ओसरीवर सावलीत चला, असे एरवी मी म्हटले असते. त्या दिवशी म्हटले नाही. आम्ही दोघी हायड्राच्या चाकाच्या आडोशाला, तापल्या जमिनीवरच बसलो.