ओली जीन्स

गडावरून उतरताना ओढ्यात माझी जीन्स कमरेपर्यंत भिजली. पायथ्याच्या मावशींकडे सकाळीच जेवण सांगून ठेवलं होतं. मित्र सारवलेल्या जमिनीवर बसलेही. माझे मात्र त्या जड, ताठर कापडात गुडघेच वळेनात. दोनदा मांडी घालायला गेलो आणि दोनदा चरफडत उभा राहिलो. शहर मागे टाकायला म्हणून डोंगरात यायचं आणि नेमकं तेच अंगावर चढवून यायचं, याला काय म्हणावं? मावशींना वाटलं, याला खाली बसायची सवय नसावी. त्यांनी शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली. ताट हातात धरून मी एकटाच वर बसलो.

"पोरांनो, पिठलं घ्या की अजून," म्हणत मावशी पंगतीतून वाढत आल्या आणि माझ्यापाशी थबकल्या.

"साहेब, तुम्हाला वाढू का?"