पहिल्या नारळाचा मान

वडगावात आमच्या गल्लीत घरोघर माग. खंडेनवमीला मागांची पूजा झाली की चौकातला पहिला नारळ गल्लीतल्या सर्वांत वयस्कर माणसानं फोडायचा, ही रीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याऐंशीचे. बरोबरीचे एकेक करून गेले आणि हा मान त्यांच्याकडे चालत आला. त्यात त्यांचं कर्तृत्व एवढंच की ते स्वतः गेले नाहीत. पण नारळ हातात घेताना छाती अशी काढत, जणू किल्ला जिंकलाय.

गेल्या श्रावणात समोरच्या घरी, लेकीकडे, निपाणीहून एक म्हातारे राहायला आले. वय त्र्याण्णव. हातात काठी नाही, आणि चहात दोन चमचे साखर! गल्ली त्यांना अण्णा म्हणू लागली आणि आमच्या घरात जळका वास सुटला.

आप्पा खिडकीतून उठेनात. "बघ, बघ, भजी खातोय! ह्याला काय हुईत न्हाय व्हय रं?" मीही काही कमी नव्हतो. छप्पन्न वर्षांचा घोडा मी, पण समोर अण्णा जरा खोकले की कान टवकारायचो. परक्या माणसाच्या तब्येतीत माझा जीव इतका कधीच गुंतला नव्हता.

नवमी दोन दिवसांवर आली तेव्हा मंडळी नारळाचं आमंत्रण घेऊन थेट अण्णांकडे गेली. आप्पांनी मला पिटाळून सगळ्यांना आमच्या कट्ट्यावर बोलावलं. अण्णाही आले. आप्पांनी घसा खाकरला.

"शाळेत मास्तरानं माझी जन्मतारीख अंदाजानं लिवली. खरं तर मी पंच्याण्णवचा हाय."

मी शेजारी उभा राहून गंभीरपणे मान डोलावली. नाटक झकास रंगलं होतं.

एकच गोष्ट आम्ही बापलेक विसरलो. सणाला खानापूरकडच्या गावाहून आत्या आली होती. आप्पांची थोरली बहीण, वय एक्क्याण्णव. ती आतून सगळं ऐकत होती. भिंत धरत बाहेर आली आणि तिनं आप्पांचा कान पिरगळला.

"पंच्याण्णवचा? मुडद्या, कडेवर घिऊन हिंडवलंय तुला! माझ्याआधी कवा जल्मलास रं?"

"आक्का, सोड गं. लोक बघत्यात."

"बघू देत की! लई शाणा झालास!"

गल्ली पोट धरून हसली. अण्णा तेवढे हसले नाहीत. ते आप्पांच्या कानाकडे टक लावून बघत होते. मला हळूच म्हणाले, "तुमचा बा नशिबाचा. माझा कान धरायला आता कोण ऱ्हायलंय? थोरलं न्हाय, बरोबरीचंबी न्हाय."

कान लाल झाला होता, तरी आप्पांनी हे बरोबर ऐकलं.

नवमीला चौकात अण्णांनी आपण होऊन नारळ आप्पांपुढे धरला. "घ्या, तुम्हीच फोडा. मला काय त्याचं."

"छ्या! थोरलं तुम्ही," आप्पा म्हणाले. "मी आमच्या घरात धाकटा हाय." आणि मग घराकडे तोंड करून मुद्दाम मोठ्यानं ओरडले, "आक्का, टोपी न घालताच आलोय गं!"

आतून खणखणीत शिवी आली. आप्पा अण्णांकडे बघून गोड हसले.

अण्णांचे डोळे आमच्या दारावरच खिळले होते. त्यांचा नारळ पहिल्या फटक्यात काही फुटला नाही.